प्रति: पटत नसेल तर दुसरं अ‍ॅप घ्या

कुणीतरी म्हटलंय की आपली माहिती फेसबुकला देण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या अटी पटत नसतील तर दुसरं अ‍ॅप घ्या. घेतो, पण सोबत येणार कोण? सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे भाव, पोत्यांचे फोटो, अगदी पट्टीसुद्धा (विक्रीच्या हिशेबाची पावती) अडत्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. मी एकट्याने सोडलं तर तोटा माझाच. २०१६ साली फेसबुकला माहिती द्यायला नकार देण्याची सोय जुन्या वापरकर्त्यांना तरी होती. २०२१च्या धोरणात तीही गेली. याच सक्तीबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. योग्यच केलं, पण दंडाने माझी अडचण सुटत नाही. नंबर तोच ठेवून सिमची कंपनी बदलता येते, तसा एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर निरोप गेला पाहिजे. युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तसं बंधन घातलंय. आपल्याकडेही तेच हवं.