घरात व्हिडिओ लावून व्यायाम: तुमचा किती दिवस टिकला?

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आज व्यायाम आटोपून चहा ठेवला आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू.

मी चिंचवडला राहते, वय ४७, बँकेत नोकरी. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सोसायटीच्या आवारात फिरणंही बंद झालं. तेव्हा बहिणीने लेस्ली सॅन्सोन या अमेरिकन व्यायामशिक्षिकेच्या चालण्याच्या व्हिडिओची लिंक पाठवली. एक मैल, साधारण पंधरा मिनिटं. जागेवर चालायचं, बाजूला पावलं टाकायची, पाय पुढे झटकायचा, गुडघा वर उचलायचा. मुख्यतः या चारच गोष्टी आलटून पालटून. टीपॉय भिंतीला सरकवला की सतरंजीएवढी जागा पुरते. पहिल्या दिवशी त्या पंधरा मिनिटांत मला धाप लागली होती. महिन्याभरात दोन मैल जमायला लागले, दिवाळीपर्यंत तीन. सासूबाई सोफ्यावर बसून बघायच्या. एक दिवस उठल्या आणि सोफ्याची पाठ धरून माझ्याबरोबर चालायला लागल्या. आज त्या ७६ वर्षांच्या आहेत आणि मी आळस केला तर टीव्ही त्याच लावतात.

वजन सहा किलो उतरलं. पण गेल्या वर्षी तांदळाची दहा किलोची पिशवी ओट्यावर ठेवताना कंबरेत उसण भरली आणि चार दिवस वाकता आलं नाही. पायात दम आला होता, पाठीत आणि हातांत ताकद आलीच नव्हती. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतेय. व्हिडिओ, जिम, टेकडी, तालीम, योगवर्ग, तुम्ही काय केलंत? किती दिवस टिकलं? काय दुखावलं? आणि सुटलं असेल तर नेमकं कधी सुटलं, तेही लिहा. त्यातूनच बाकीच्यांना जास्त कळतं.

*

पुणे, वय ३९, आयटी

मी २०१२ साली पी नाइंटी एक्स केलं होतं. टोनी हॉर्टनचा तो नव्वद दिवसांचा कार्यक्रम. मित्राने अमेरिकेहून येताना डझनभर डीव्हीडींचा संच आणला होता. आठवड्यातले सहा दिवस, रोज तासभर, आणि योगाची डीव्हीडी तर दीड तासाची. दाराच्या चौकटीत अडकवायचा पुलअप बार घेतला, डंबेल घेतले. पहिल्या दिवशी मोजून दोन पुलअप निघाले, तेही दुसऱ्याला हनुवटी बारपर्यंत पोचली नाही. नव्वदाव्या दिवशी नऊ निघाले. रोज कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यावर फुली मारायचो.

माझं सुटलं ते ९१व्या दिवशी. त्या तक्त्यात पुढचा रकानाच नव्हता. एक आठवडा विश्रांती घेऊ म्हटलं, त्याचे दीड वर्ष झाले. नऊ पुलअप परत दोनवर आले.

आता वेताळ टेकडीवर जातो, आठवड्यातून चार दिवस. तिथे नव्वद दिवस वगैरे काही नसतं. सहा वाजता पायथ्याशी तिघे जण उभे असतात आणि मी पोचलो नाही की फोन येतो. उतरून आलो की घरी वीस मिनिटं जोर-बैठका आणि त्याच जुन्या बारवर पुलअप. सध्या सहा आहेत, पण हे सहा पाच वर्षं टिकून आहेत. कार्यक्रम वाईट होता असं मी अजिबात म्हणणार नाही, शरीर नीट कसं हलवायचं ते मी तिथेच शिकलो. पण असा कार्यक्रम घेणाऱ्याने तो संपल्यावरच्या सोमवारी काय करायचं ते पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावं.

*

नागपूर

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, त्यामुळे एप्रिल ते जून कूलरसमोर व्हिडिओ आणि बाकी वर्षभर पहाटे अंबाझरी तलाव. डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांनी सांगितलेलं, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दोन्ही चालतं, भांडण कशाला?

*

ठाणे, वय ३४

हे नवीन आयांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय.

दुसऱ्या बाळंतपणात सिझेरियन झालं. चार महिने झाल्यावर मी एक महिन्याभराचा व्हिडिओ कार्यक्रम सुरू केला. रोज वीस मिनिटं, त्यात उड्या, क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलणं), प्लँक (कोपरांवर आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं). बाळ झोपलं की आवाज बंद करून करायचे. घाम यायचा, बरं वाटायचं. तीन आठवड्यांनी एक गोष्ट लक्षात आली. क्रंचसाठी डोकं उचललं की पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, छपराच्या आढ्यासारखा उंचवटा यायचा. मला वाटलं चरबी आहे, म्हणून मी आणखी क्रंचेस वाढवले. मग कंबर दुखायला लागली आणि शिंक आली की थेंबभर लघवी व्हायची. हे कुणाला सांगायचं?

शेवटी मावशीने फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या ताईंनी मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला सांगितले, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "आता फक्त डोकं उचल." त्यांची तीन बोटं आत गेली. मग माझाच हात धरून तिथे ठेवला. दोन्ही बाजूंचे स्नायू कडेला आणि मध्ये नुसती मऊ खाच. गरोदरपणात पोटाचे स्नायू मधल्या रेषेपासून दूर सरकतात, बऱ्याच जणींचे आपोआप जवळ येतात, माझे आले नव्हते. आणि क्रंचेसनी मी त्या जागेवर रोज ताण देत होते.

चार महिने साधे व्यायाम दिले. श्वास सोडताना पोट आत घ्यायचं आणि ओटीपोटाचे स्नायू वर खेचायचे, एक टाच जमिनीवरून हळूच पुढे सरकवायची, कंबर अलगद उचलायची. दिसायला काहीच नाही. घाम तर नाहीच. पण खाच एका बोटावर आली आणि शिंकेची भीती गेली.

व्हिडिओतली बाई उत्तम शिकवत होती, पण तिला माझं पोट दिसत नव्हतं. आपल्याला ती दिसते, तिला आपण दिसत नाही. बाळंतपणानंतर आधी कुणाला तरी तपासू द्या, मग व्हिडिओ लावा. आता मी पुन्हा तेच व्हिडिओ करते, उड्या असलेला भाग सोडून.

*

कोल्हापूर, वय ५२, किराणा दुकान

वरच्या ठाण्याच्या ताईंचं वाचून आमच्या वस्तादांची आठवण आली.

दहावीपर्यंत पेठेतल्या तालमीत जात होतो. पहाटे पाचला लाल माती खणायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं असतं, तो वास अजून नाकात आहे. मग जोर. आम्ही पोरं घाईनं आकडा वाढवायला बघायचो. वस्ताद मागून यायचे, बोलायचे काही नाहीत, नुसता तळवा कंबरेवर ठेवायचे. तळवा ठेवला की कळायचं, कंबर वर राहिलीय. मग तोच जोर परत. पन्नास वाकड्यापेक्षा दहा सरळ मोजायचे ते.

पुढं दुकान आलं, तालीम सुटली, वीस वर्षांत पोट सुटलं. लेकानं मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ लावून दिले. बघितलं तर त्यातला निम्मा व्यायाम म्हणजे आपले जोर, बैठका आणि सपाट्याच, नावं इंग्रजी. मग मोबाइल ठेवला बाजूला. रोज दुकान उघडायच्या आधी सूर्यनमस्कार बारा, जोर वीस, बैठका चाळीस. औंधच्या पंतप्रतिनिधी महाराजांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते, माझे आजोबा त्या भागातले, तेच घरात चालत आलं. तीन वर्षं झाली. पण खरं सांगतो, माझ्या पिढीला वस्ताद मिळाले म्हणून मोबाइल लागत नाही. ज्यांना कुणी कधी शिकवलंच नाही त्यांनी व्हिडिओ बघावा, फक्त कुणाकडून तरी एकदा कंबर बघून घ्यावी.

*

छत्रपती संभाजीनगर, वय ५५, शिक्षिका

मी जिमच्या बाजूने लिहिणार आहे, कारण आमच्या वयाच्या बायका जिमला फार घाबरतात.

२०१७ पासून घरी व्हिडिओ लावून दोन किलोचे गुलाबी डंबेल उचलत होते. तीन वर्षं तेच डंबेल. चुकलं नाही कधी, आणि फरकही काही पडेना. पाळी गेल्यानंतर हाडांची तपासणी केली तर घनता कमी आलेली. डॉक्टरांनी विचारलं, वजन उचलता का? मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी विचारलं, किती? आणि मग समजावलं की स्नायूला आणि हाडाला कालच्यापेक्षा थोडं जास्त ओझं द्यावं लागतं, तेच ओझं रोज दिलं तर ते आहे तिथेच राहतात.

पहिल्या जिमचा अनुभव वाईट होता, नाव लिहीत नाही. वर्षाचे पैसे आधी घेतले, शिकवणारा मुलगा सतत मोबाइलवर आणि दुसऱ्याच आठवड्यात प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारायला लागला. दोन महिन्यांत सोडली, पैसे बुडाले. दुसरीकडे एक मुलगी शिकवते. तिने पहिला महिना नुसती काठी हातात दिली आणि खुर्चीवरून उठल्यासारखं वाकायला, पाठ सरळ ठेवून जमिनीवरची वस्तू उचलायला शिकवलं. मग रिकामी दांडी, मग दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं वजन. आज मी ४० किलो जमिनीवरून उचलते. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, तो मी आता कुणाला हाक न मारता सरकवते. चिंचवडच्या ताई, तुमच्या तांदळाच्या पिशवीचं उत्तर मला वाटतं हे आहे.

*

(धागाकर्ती) ताई, मनापासून आभार. उद्याच आसपास चौकशी करते. काठीची युक्ती मात्र आजच करून बघितली, आरशासमोर. माझी पाठ पोळपाटासारखी सपाट राहते असा माझा समज होता, ती धनुष्यासारखी वाकते.

*

रेडिंग, इंग्लंड, वय ४१

इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. पहिले दोन हिवाळे मी फक्त व्हिडिओवर काढले आणि त्यांनी मला खरंच सावरलं. नवीन देश, नवरा दिवसभर ऑफिसात, ओळखीचं कुणी नाही. त्या पडद्यावरच्या बाईचं "वेल डन" हा दिवसभरात मला कुणी म्हटलेला एकमेव चांगला शब्द असायचा.

मग शेजारणीने काउच टू फाइव्ह के सांगितलं, म्हणजे कधीच न धावलेल्याला हळूहळू धावायला शिकवणारा कार्यक्रम. नऊ आठवडे, आठवड्याला तीन वेळा. पहिल्या आठवड्यात मिनिटभर धावायचं, दीड मिनिट चालायचं, असंच आलटून पालटून. शेवटी अर्धा तास सलग धावता येतं. ते झाल्यावर शनिवारी सकाळी नऊला पार्करनला गेले. ५ किलोमीटर, पूर्ण फुकट, सगळं स्वयंसेवक चालवतात. मला भीती होती शेवटी येण्याची. पण तिथे सगळ्यात मागे चालायला एक स्वयंसेवक मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे तुम्ही शेवटचे येतच नाही. माझ्या मागे एक आजोबा होते, पूर्ण वेळ बागेतल्या झाडांची नावं सांगत चालले. शेवटच्या वळणावर म्हणाले, "गो ऑन, लव्ह", आणि मी रडत रडत धावले. आता महिन्यातून एक शनिवार मी ते मागचं काम करते.

*

नाशिक, फिजिओथेरपिस्ट

सगळे अनुभव वाचले. थोडं माझ्या कामातलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी सांगितलंय ते असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम (बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत), किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा. ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत, आठवड्यातून तीनदा. चालण्याच्या व्हिडिओंनी पहिला भाग होतो, दुसरा राहून जातो. माझ्याकडे येणाऱ्यांत हे सर्रास दिसतं.

व्हिडिओमुळे दुखणं घेऊन येतात ते बहुतेक अनवाणी फरशीवर उड्या मारणारे. टाच आणि गुडघा. बूट घाला, खाली चटई घ्या, सुरुवातीला उडीच्या जागी पाऊल टाका. दुसरं, ब्लड प्रेशर असेल तर वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. तिसरं, फोन बाजूला टेबलावर ठेवून स्वतःची बैठक एकदा चित्रित करा. समोरून नको, बाजूने. टाचा उचलल्या जातात का आणि पाठ कुठे गोल होते ते तुमचं तुम्हालाच दिसेल. कोल्हापूरच्या दादांच्या वस्तादांचा हात नसेल तिथे निदान एवढं करा.

*

डोंबिवली, वय ६८, निवृत्त

मला टाइप करायला वेळ लागतो, थोडक्यात लिहितो.

दोन वर्षांपूर्वी डावा खांदा आखडला. मधुमेह असला की होतो म्हणे. शर्ट घालताना हात मागे जाईना. फिजिओंनी भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर न्यायची. एकट्याने कंटाळा यायचा, चुकवायचो. ही गेल्यापासून घरात विचारणारं कुणी नाही.

माझी ताई सांगलीला, वय ७२. तिला गुडघ्यांसाठी खुर्चीवरच्या व्यायामाचा व्हिडिओ मुलाने लावून दिला होता. तीही चुकवायची. मग आम्ही ठरवलं, सकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लावायचा. ती फोन डब्यांच्या फळीला टेकवते, मी टीव्हीच्या टेबलावर. दोघं एकच व्हिडिओ लावतो, आवाज तिचाच ठेवतो. खुर्चीवरून उठ-बस दहा, पाय सरळ करणं पंधरा, मग माझा भिंतीचा व्यायाम होईपर्यंत ती मोजते. अजूनही लहानपणच्यासारखी ओरडते, "बाळ्या, कोपर वाकवू नकोस."

भिंतीवर बोटं पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख घालतो. पहिली रेघ माझ्या छातीएवढी आहे. आता बोटं दाराच्या चौकटीच्या वर जातात. गेल्या महिन्यात रंगारी आला होता, त्याला ती वीतभर रुंदीची पट्टी सोडून बाकीची भिंत रंगवायला सांगितली.