उद्यान विभागात नोकरी करावी का? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर: उद्यानविद्येची पदवी झालीय. पुण्यात एका नर्सरीत काम मिळतंय, पण मला महापालिकेच्या उद्यान विभागाची परीक्षा द्यायचीय. वडील म्हणतात, एवढं शिकून बागेला पाणी घालणार का? तिथं नेमकं काम काय असतं?

निवृत्त_उद्यान_अधीक्षक: मी दुसऱ्या जिल्ह्यात एका नगरपालिकेत हे काम केलं. आता विजापूर रोडला राहतो. वडिलांना सांगा, पाणी घालणं हेच सगळ्यात अवघड. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर. जूनमध्ये खड्डा कुणीही घेतो. रोप जगणार का ते पुढच्या एप्रिलमध्ये ठरतं, अन् नेमकी तेव्हा टँकरची फाईल लेखा विभागात पडून असते. तीन वर्षांचं पाणी, आळी (पाणी साठायला बुंध्याभोवती केलेले खळगे) आणि जाळी धरल्याशिवाय लागवडीच्या अंदाजपत्रकावर मी सही करत नव्हतो. ठेकेदार चिडायचे, चिडू देत.

दुसरं म्हणजे कायदा. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्याचा अधिनियम वाचाच. झाड तोडायच्या अर्जावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि तोडायची परवानगी दिलीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. त्यामुळं अर्जात वय कमी लिहून आणतात. स्वतः जाऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, वयाचा अंदाज त्यावरून येतो. गटारासाठी असाच एक वड जाणार होता. मी घेर मोजला, फाईलवरच्या टिपणीला फोटो जोडले, गटाराची रेषा थोडी सरकवून मागितली. इंजिनिअर साहेबांनी ती दिली. वड आहे अजून.

बागप्रेमी_सातरस्ता: काका, न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कची पहिली प्रशासक १९७९ मध्ये नेमली गेली, एलिझाबेथ बार्लो रॉजर्स. शिक्षण नगररचनेचं. बाग तेव्हा पार मोडकळीला आली होती. पुढच्याच वर्षी तिथं कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे बाग सांभाळणारी खासगी संस्था निघाली आणि देणग्यांतून बाग सावरली. आपल्याकडं जमेल का?

निवृत्त_उद्यान_अधीक्षक: लोक जोडणं जमेल, जमायलाच हवं. सकाळी फिरायला येणारी मंडळी सोबत असली की बागेची जागा पार्किंगला मागणारा दहादा विचार करतो. पण माळ्यांचा पगार देणगीवर टाकू नये, तो महापालिकेनंच द्यावा. जुना माळी गेला की कुठल्या झाडाला कधी पाणी तुटतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

जुळे_सोलापूरकर: म्हणजे परीक्षा देऊ ना काका?

निवृत्त_उद्यान_अधीक्षक: दे की बाळा. जाहिरात निघेपर्यंत हुतात्मा बागेत सकाळी माळी असतात, त्यांच्याबरोबर राहा. आणि पदपथावरच्या कडुलिंबांकडं बघ, पेव्हर ब्लॉक पार खोडाला भिडवलेत. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी कर म्हणून अर्ज दे. टिपणी लिहायला तिथूनच शीक. मसुदा मला दाखव, मी बघून देतो.