खारघरच्या डोंगरावर वाट चुकले. कॅमेऱ्याच्या बॅगेत तुम्ही नेमकं काय ठेवता?

कोळीष्टक · सानपाडा

आठवडा झाला, अजून रात्री मध्येच जाग येते. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी बारा वर्षं मॅक्रो करते, म्हणजे बारीक जीवांचे अगदी जवळून फोटो, त्यातही कोळीच जास्त. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जायंट वुड स्पायडरच्या माद्या पूर्ण वाढलेल्या असतात, जाळी हात-दीड हात पसरलेली असतात आणि तिरपं ऊन पडलं की त्यांचा धागा खरोखर सोन्यासारखा पिवळा दिसतो. तो पिवळा मिळवायचा तर संध्याकाळचा अर्धा-पाऊण तासच हाती असतो. म्हणून मुद्दाम दुपारी चारला निघाले. खारघरच्या डोंगरावर फणसवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला स्कूटर लावली आणि पायवाटेनं ओढ्याकडे उतरले.

पहिलं जाळं वाटेवरच होतं. दुसरं ओढ्यापलीकडे. तिसऱ्यावर नरही होता, मादीच्या पायाच्या एका पेराएवढा, तिच्या पाठीमागे दबकून बसलेला. असा फ्रेम मला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, दर वेळी दहा-पंधरा पावलं सरकायचं, कधी गुडघ्यावर, कधी पोटावर. उठताना अंग कुठल्या बाजूला वळलं, याकडे माझं लक्षच नव्हतं. सहा वीसच्या सुमाराला ऊन गेलं आणि मान वर केली, तर चारही बाजूंना डोक्यावरून गेलेलं गवत आणि कारवी. मी आले ती वाट नव्हतीच.

मोबाइल 9 टक्के. दुपारभर त्यावर व्हिडिओ काढले होते. रेंज येऊन-जाऊन. पाणी अर्धा लिटरच्या बाटलीत तळाशी. पूर्वेकडून परतीच्या पावसाचा ढग चढत होता.

खाली बेलापूर-नेरूळचे दिवे दिसायला लागले आणि मला वाटलं, झालं, दिवे दिसतायत म्हणजे त्यांच्या रोखानं सरळ उतरायचं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. वीसेक मिनिटं उतरल्यावर पायाखालचा एक दगड घरंगळला आणि खाली पडल्याचा आवाज आला तो इतक्या उशिरा, की मी होते तिथेच बसले. पुढे जुन्या दगडखाणीचा उभा कापलेला कडा होता.

मग पाऊस आला. ऑक्टोबरमध्ये, दुपारी घामानं निथळत होते त्याच अंगाला इतकी थंडी वाजली की दात वाजत होते. विजा चमकत होत्या आणि मी ट्रायपॉड छातीशी धरून बसले होते. ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी सुचलं ते एवढंच, की फ्लॅश वर करायचा आणि थोड्या थोड्या वेळानं उडवायचा. पावणेनऊला वाडीवरचे एक काका बॅटरी घेऊन आले. म्हणाले, "वीज एकाच जाग्याला कशी चमकते, म्हणून आलो." त्यांच्या मागून चालताना मला रडू आवरलं नाही.

घरी नवऱ्याला फक्त "शूटला जाते" एवढं माहीत होतं. कुठे, ते मी सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, तुला चकवा लागला.

बॅगेत त्या दिवशी काय होतं ते मोजलं. कॅमेऱ्याची बॉडी, 100 मिमीची मॅक्रो लेन्स, फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करणारे दोन डिफ्यूझर, लेन्स पुसायची तीन फडकी, ब्लोअर, कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या. काचेची काळजी घ्यायला इतकं सामान, आणि माझ्यासाठी अर्धा लिटर पाणी.

ट्रेकिंगवाल्यांच्या याद्या मी वाचल्या आहेत, पण त्यांची सॅकच त्यासाठी असते. माझ्या खांद्यावर आधीच सहा किलो आहे. तर, कॅमेऱ्याच्या बॅगेत मावेल असं तुम्ही खरोखर काय नेता? आणि डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये असताना दिशा कशी राखता? पुढच्या महिन्यात नववीतला भाचा माझ्याबरोबर येऊरला येणार आहे. त्याला घेऊन जाण्याआधी मला हे नीट करायचं आहे.

येऊरपायथा · ठाणे

ताई, सुखरूप आलात हे वाचून आधी हुश्श केलं. तुमची चूक दिव्यांकडे उतरण्याची होती, पण एक गोष्ट तुम्ही अगदी बरोबर केलीत. दगडाचा आवाज उशिरा आला तेव्हा बसलात. बहुतेक माणसं त्या क्षणी आणखी जोरात चालू लागतात.

चकव्याचं म्हणाल तर सासूबाईंना खोटं पाडू नका. जर्मनीत ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून उपग्रहानं त्यांची वाट नोंदवली होती. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलं की गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि त्यांना ते कळलंही नाही. आपल्या आज्या याला चकवा म्हणायच्या आणि उपाय सांगायच्या तो हाच, की जागीच बस, उजाडू दे.

दिशेबद्दल माझी सवय सांगतो. फिल्मच्या काळात परवडत नसे, आता फुकट आहे. वाट सोडली, ओढा ओलांडला, फाटा आला की मी मागे वळतो आणि एक फोटो काढतो. परत येताना ती जागा मला जशी दिसणार, तसा. पुढे जाताना पाहिलेलं झाड परतताना दुसरंच झाड असतं, म्हणून मागे वळूनच काढायचा. मग चुकलो तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो उलटा बघत यायचं. वेळही त्यावर असते. कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या असतात तुमच्याकडे, मोबाइलपेक्षा त्या जास्त भरवशाच्या.

मोबाइलवर त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्या. विमान मोडवर टाकला तरी त्याचं जीपीएस चालतं, आणि रेंज शोधण्यात बॅटरी जळत नाही. स्कूटर लावली ती जागा खूण करून ठेवा. आपल्या सिमला रेंज नसेल तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर 112 लागतो, हे भाच्यालाही सांगून ठेवा.

आता पिशवी. माझी जुन्या लेन्सच्या पाऊचमध्ये बसते. कपाळावर बांधायची बॅटरी आणि तिचे वेगळे सेल. हात मोकळे राहतात हे महत्त्वाचं, मोबाइलचा टॉर्च हातात धरून कारवीतून उतरता येत नाही. शिट्टी, गोळी नसलेली, प्लॅस्टिकची. घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी बसत नाही. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीन. तीनचा इशारा मदतीचा म्हणून जगभर चालतो, फ्लॅशही तसाच तीनदा उडवा. चांदीसारखी चकाकणारी आणीबाणीची चादर मिळते, घडी केली की मुठीत मावते, वजन पन्नास-साठ ग्रॅम. पण ती वाऱ्यात फडफडते आणि फाटते, म्हणून तिच्याबरोबर एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी ठेवा. तळाला चेहऱ्यापुरतं भोक पाडून अंगात घातली की पाऊस आणि वारा दोन्ही अडतात. तुम्हाला वाजली ती थंडी ऑक्टोबरची नव्हतीच. ओल्या कपड्यांवर वारा लागला की अंगातली ऊब भराभर जाते, हवेत पंचवीस अंश असले तरी. एक कोरडा टीशर्ट पिशवीत बांधून ठेवलात तर त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. बाकी लायटर, ओआरएसच्या दोन पुड्या, गूळ-शेंगदाणे, छोटी पॉवर बँक आणि तिची वायर, क्रेप बँडेज. पाणी दीड लिटर. पाण्यावर वजन वाचवू नका, हवं तर एक डिफ्यूझर घरी ठेवा.

मुरगळ्यासाठी क्रेप बँडेज, आणि साप चावला तर वरून घट्ट आवळायलाही तेच.

दोन गोष्टी सह्याद्रीच्या म्हणून वेगळ्या सांगतो. परदेशी व्हिडिओत सांगतात, वाट चुकलात तर ओढ्याबरोबर खाली उतरा, वस्ती लागेल. आपल्याकडे ते करू नका. हा काळा कातळ पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, ओढा दर थोड्या अंतरावर उडी मारतो, आणि आपल्याला तिथे उडी मारता येत नाही. त्यात नवी मुंबईच्या बाजूला तुम्ही पाहिलात तसा खाणींनी डोंगर कापलेला. दिसली तर आडवी जाणारी गुराची वाट धरा, तीही उजेडातच.

आणि विजा. लखलखाट आणि गडगडाट यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर पडायला लागलं की पठार सोडायचं. एकट्या झाडाखाली जायचं नाही, ट्रायपॉड लांब ठेवून द्यायचा, पाय जुळवून उकिडवं बसायचं. ट्रायपॉड छातीशी धरला होता हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

येऊरचं म्हणाल तर ते राष्ट्रीय उद्यान आहे. फाटकावर वनखात्याला विचारून, परवानगीच्या वाटेवरच राहा. तिथे बिबट्याचा वावर आहे, भाच्याला वाटेपासून आत नेऊ नका आणि अंधाराआधी बाहेर पडा. माझा स्वतःचा नियम असा की सूर्यास्ताच्या एक तास आधी कॅमेरा बॅगेत. सोनेरी उजेड त्यात जातो, मान्य आहे. मी तो पहाटे घेतो, पहाटेनंतर दिवस उगवतो.

परिचारिका_कळवा

दादांचं बाकी सगळं पटलं, पण सापाचं कृपया तसं करू नका. साप चावल्यावर वरून घट्ट आवळलेले हातपाय मी वॉर्डमध्ये पाहिले आहेत. रक्त थांबतं, मांस मरतं, आणि विष अडतंच असं नाही. फुरसं-घोणसाच्या चाव्यात जागा आधीच सुजते, त्यात आवळलं तर आणखी नुकसान. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. पायाला चावला असेल तर काठी किंवा ट्रायपॉडचा दांडा पायाच्या लांबीनं लावून पाय हलणार नाही इतपतच सैल बांधा, चालवू नका, 108 ला फोन करा. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. झाडावरचा हिरवा चापडा त्यात येत नाही, त्याच्या चाव्यानं माणूस सहसा दगावत नाही, पण दवाखाना तरीही गाठायचाच. साप पकडून आणायची गरज नाही.

ताई, तुम्ही पोटावर झोपून फोटो काढता. झोपण्याआधी काठीनं ते गवत हलवा. आणि सँडल नको, घोट्यावर येणारे बूट.

येऊरपायथा · ठाणे

सिस्टर, आभार. मी हे वीस वर्षं चुकीचं सांगत आलोय. ज्या मुलांना सांगितलं त्यांना आज फोन करतो.

चिखल्या · दिवे कोळीवाडा, ऐरोली

ताई, डोंगराचं दोघांनी सांगितलं, मी खाडीचं सांगतो, कारण पुढच्या महिन्यात रोहित (फ्लेमिंगो) बघायला लोक ठाणे खाडीत उतरायला लागतील. फोटोवाले ओहोटीला बांधावरून चिखलात जातात, आणि भरती मागून येते. समोरून येत नाही. आधी मागची खाच भरते, तुम्ही पुढे पक्ष्याकडे बघत असता.

आमच्याकडे आजोबांचा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या बाजूच्या भरतीची वेळ. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. आमच्या अंगाला थोडी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी भराभर चढतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. तक्ता मोबाइलवर असतोच, पण तिथी डोक्यात राहते.

पाय रुतला तर ओढायचा नाही. मागे बसल्यासारखं रेला, अंग पसरा, ट्रायपॉड आडवा टाकून त्यावर वजन द्या, पाय हळूहळू हलवत पाणी आत जाऊ द्या, मग निघतो. एकटं उतरायचं नाही, कमरेला शिट्टी हवीच. मला विचाराल तर होडीतून बघा, पक्षी उडत नाहीत आणि फोटोही चांगले येतात.

कोळीष्टक · सानपाडा

तिघांचेही मनापासून आभार. रात्री बसून पिशवी भरली. दुसरा डिफ्यूझर आणि दोन फडकी काढली, त्या कप्प्यात सगळं बसलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाणी सोडून 640 ग्रॅम भरलं. कोरडा टीशर्ट झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढली की पुस्तकाएवढा होतो. क्रेप बँडेजवर मार्करनं लिहून ठेवलं, "फक्त मुरगळ्याला".

फ्रिजवर एक कागद लावलाय. कुठे, कुठल्या वाटेनं, किती वाजता परत, आणि त्यानंतर तासाभरात फोन लागला नाही तर कुणाला कळवायचं. निघताना भरायचा. नवऱ्यानं त्याला दोरीनं पेन बांधलंय.

काल सकाळी उजेडात नवऱ्याला घेऊन पुन्हा फणसवाडीला गेले. काकांना भेटायचं होतं. त्यांच्यासाठी चार्जिंगची बॅटरी नेली, त्यांच्याकडची सेलवाली पिवळी पडली होती. मी बसले होते ती जागा त्यांनी दाखवली. खाणीची कड तिथून सात पावलांवर होती, मी मोजली. आणि माझी मूळ पायवाट दुसऱ्या बाजूला, कारवीच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. येताना मागे वळून बावीस फोटो काढले.

येऊरपायथा दादा, एकच विचारायचं राहिलं. कपाळावरच्या बॅटरीला लाल दिवाही आहे. भाच्याला रातवा दाखवायचा झाला तर लाल चालेल का, की पक्ष्याला त्याचाही त्रास होतो?

येऊरपायथा · ठाणे

लाल असला तरी रातव्याच्या डोळ्यांवर धरू नका ताई, जमिनीवर धरा आणि आपली वाट बघा. फोटोही नको. आणि येऊरच्या उद्यानात अंधारात थांबायचंच नाही. भाच्याला रातवा ऐकवायचाच असेल तर गावातल्या ओळखीच्या घराच्या अंगणातून ऐकवा, "चक्‌-चक्‌-चक्‌" चालू असतं. कधी येणार ते कळवा, फाटकाशी येऊन थांबतो.