प्रतिसाद : मालदीवमधील मासेमारीची सहल

वर एका सदस्याने मुलांच्या शाळांना सुट्टी असल्यामुळे मेअखेर मालदीवला गळ टाकायला जावे का, असे विचारले आहे. तिकडे साधारण मेपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, समुद्र खवळतो आणि बोटी कधीकधी सुटत नाहीत. त्यामुळे जानेवारी ते एप्रिल हा काळ निवडावा, मग शाळा चार दिवस बुडाली तरी चालेल (हे माझे मत, शाळेचे नव्हे).

रॉड, रीळ पुण्याहून नेण्याचा खटाटोप मी दुसऱ्या खेपेस सोडून दिला. गळ आणि चाकू हातसामानात चालत नाहीत, शिशाची वजने सामानाचे वजन वाढवतात, आणि तिथल्या धोणीवर (स्थानिक बोटीवर) रात्रीच्या मासेमारीसाठी साधा तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) मिळतोच. तो तर्जनीवरून सोडत राहायचा. वजन तळाला टेकले की दोर अचानक सैल पडतो, तेव्हा हातभर वर उचलून धरायचा, नाहीतर गळ प्रवाळात अडकतो. तांबोशी माशाची ओढ बोटाला आधी दोन बारीक झटक्यांनी कळते, हेकरू मासा मात्र आमिष घेऊन थेट कपारीत शिरतो, म्हणून त्याला सैल देऊ नये.

बोटीच्या प्रवासात मळमळत असेल तर त्यावरची गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. शार्क गळाला लागल्यास सोडून द्यावा लागतो, कारण 2010 पासून तेथे शार्कच्या मासेमारीवर बंदी आहे.