झिप आणि टार फायली कमांड लाइनवरून तात्पुरत्या फोल्डरमध्ये कशा एक्स्ट्रॅक्ट कराव्यात?

प्रश्न (गिरगाव)

नमस्कार. गिरगावातल्या एका प्रकाशन संस्थेत जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांची व्यवस्था माझ्याकडे आहे. अंकाची पाने कधी झिप, तर कधी टार-जीझेड अशा एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये येतात. डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारी एक बॅश स्क्रिप्ट (क्रमाने लिहिलेल्या कमांडची फाइल) त्या फायली एक्स्ट्रॅक्ट करते, पानांची संख्या तपासते आणि पाने मुख्य डिस्कवर हलवते. हे सगळे टीएमपी या तात्पुरत्या फायलींच्या सामाईक जागेतल्या एका ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये होत असल्यामुळे दोन अंक एकाच वेळी आले की पहिल्या क्रमांकाची पाने एकमेकांवर चढतात, आणि स्क्रिप्ट मध्येच थांबली तर अर्धवट पसारा तिथेच पडून राहतो. दर वेळी वेगळे फोल्डर करून ते हमखास पुसले जाईल, अशी व्यवस्था कशी करावी?

उत्तर (ठाणे)

फोल्डरचे नाव स्वतः ठरवू नका. ते काम 'एमकेटेम्प' या कमांडवर सोपवा. तिला 'वजा डी' हा पर्याय दिला की ती कोणाशीही न जुळणाऱ्या नावाचे रिकामे फोल्डर तयार करते, त्याची परवानगी ७०० ठेवते, म्हणजे ते फक्त तुमच्याच खात्याला उघडता येते, आणि त्याचा पूर्ण मार्ग छापते. तो मार्ग एका व्हेरिएबलमध्ये घ्या. कमांड अयशस्वी झाली तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे, कारण व्हेरिएबल रिकामे राहिले आणि पुढे पुसण्याच्या ओळीत त्याला जोडून स्लॅश आणि तारा लिहिलेला असला, तर ती ओळ थेट मूळ डिरेक्टरीवर, म्हणजे संगणकातल्या सगळ्या फायलींवर, चालते. म्हणून तारा वापरू नका. व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवून अख्खे फोल्डरच पुसा.

पुसण्याची ओळ स्क्रिप्टच्या शेवटी लिहिण्याचा प्रघात मला अजिबात मान्य नाही. फोल्डर तयार झाल्याबरोबर, लगेच पुढच्या ओळीत, 'ट्रॅप' ही कमांड लावून 'एक्झिट'वर, म्हणजे स्क्रिप्ट संपताना, ते पुसण्याची सोय करा. मग स्क्रिप्ट नीट संपो, चूक येऊन थांबो किंवा कोणी कंट्रोल-सी दाबो, फोल्डर जातेच.

झिपसाठी 'अनझिप'ला लहान 'डी' देऊन फोल्डर सांगा, टारसाठी मोठा 'सी'. फोल्डर नसेल तर अनझिप ते स्वतः तयार करते, टार मात्र करत नाही. स्क्रिप्ट रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या, खात्यावरून चालवू नका, कारण रूट असताना टार फायलींची मालकी पाठवणाऱ्याच्या यंत्रावर होती तशीच ठेवू पाहते.

उत्तर (डोंबिवली)

वरचे सगळे बरोबर आहे. फक्त फोल्डर कुठे करायचे, हा मुद्दा राहिला, आणि तुमच्या कामात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. डेबियन १३ पासून टीएमपी हे नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मुळातच रॅममध्ये असते आणि त्याची कमाल मर्यादा साधारण निम्म्या रॅमएवढी असते. स्कॅन केलेली पाने मोठी असतात, त्यामुळे एखादा जाड अंक एक्स्ट्रॅक्ट होता होताच जागा संपू शकते. एक्स्ट्रॅक्ट करण्याआधी अनझिपला लहान 'एल' देऊन यादी पाहिली, तर शेवटच्या ओळीत एकूण आकार कळतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टीएमपी आणि मुख्य डिस्क या वेगळ्या फाइलसिस्टिम (फायली साठवण्याच्या स्वतंत्र जागा) असल्या की फायली हलवणारी 'एमव्ही' ही कमांड प्रत्यक्षात फायली कॉपी करते आणि मग मूळ पुसते. त्या मधल्या काळात अंकाचे फोल्डर उघडणाऱ्याला अर्धीच पाने दिसतात. म्हणून एमकेटेम्पला 'वजा पी' देऊन तात्पुरते फोल्डर मुख्य डिस्कवरच करून घ्या. तिथे एमव्ही फक्त नाव बदलते, त्यामुळे अंक एक तर पूर्ण दिसतो, नाही तर दिसतच नाही. मात्र तात्पुरते फोल्डरच अंकाचे फोल्डर म्हणून हलवू नका, कारण ७०० ही परवानगी त्याच्याबरोबर जाईल आणि सहकाऱ्यांना ते उघडणार नाही. त्याच्या आत एक साधे फोल्डर करून त्यात एक्स्ट्रॅक्ट करा आणि तेवढेच हलवा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (गिरगाव)

दोघांचेही मनापासून आभार. वेगळ्या फाइलसिस्टिमचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. एक शंका आहे: वीज गेली तर ट्रॅप कसा चालणार? शिवाय झिप फाइल डाउनलोड होत असतानाच पाइपमधून, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीला जोडून, थेट अनझिपकडे देता येईल का?

उत्तर (डोंबिवली)

वीज गेली, किंवा प्रोसेस 'किल वजा नऊ'ने मारली, तर ट्रॅप चालत नाही. त्यासाठी तात्पुरत्या फोल्डरांच्या नावाला एक ठरावीक सुरुवात द्या आणि स्क्रिप्टच्या आरंभी 'फाइंड' या शोधणाऱ्या कमांडने त्या सुरुवातीची, एका दिवसाहून जुनी फोल्डरे पुसा. नुकतीच तयार झालेली वगळणे आवश्यक आहे, नाहीतर त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या अंकाचे फोल्डर जाईल.

पाइपचे उत्तर टार आणि झिप यांच्यासाठी वेगवेगळे आहे. टारमध्ये प्रत्येक फाइलची माहिती तिच्या लगेच आधी असते, त्यामुळे ती येईल तशी एक्स्ट्रॅक्ट होते. झिपची मुख्य सूची फाइलच्या अगदी शेवटी असते आणि अनझिप तीच आधी वाचते, म्हणून पाइपमधून ते चालत नाही. झिप आधी पूर्ण उतरवून घ्या, अनझिपला लहान 'टी' देऊन ती अखंड असल्याची तपासणी करा आणि मगच एक्स्ट्रॅक्ट करा.