गच्चीवरचे सोलर पॅनेल सपाट ठेवावे की दक्षिणेकडे कलते?

प्रश्न
नागपुरातील आमच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे आहेत. बसवून देणारे तंत्रज्ञ ते दक्षिणेकडे सुमारे २१ अंश कलते ठेवावेत, असा आग्रह धरत आहेत. परंतु नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. मग सपाट पॅनेललाच सर्वाधिक ऊन मिळायला नको का? कोनामुळे नेमका किती फरक पडतो, हे कोणी आकड्यांनिशी सांगू शकेल का?

उत्तर १
तुमचे निरीक्षण बरोबर आहे. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २६ मेच्या आसपास मध्यान्ही सूर्य माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यानंतर हे पुन्हा घडते, पण ढगांमुळे सहसा दिसत नाही. त्या दिवसांत मध्यान्ही सपाट पॅनेलच सरस ठरते.

हिशेब मात्र वर्षभराचा करायला हवा. ऊन लंब पडते तेव्हा त्याची ऊर्जा कमीत कमी जागेवर एकवटते आणि तिरपे पडते तेव्हा तीच ऊर्जा अधिक जागेवर पसरते, म्हणून दर चौरस मीटरच्या वाट्याला कमी येते. किरण आणि पृष्ठभागाची लंबरेषा यांच्यातील कोनाचे कोसाइन घेतले की हा वाटा मिळतो. २२ डिसेंबरला मध्यान्ही नागपूरचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर असतो, त्यामुळे सपाट पॅनेलला थेट उन्हाचा ७१ टक्के भाग मिळतो, तर २१ अंश कलत्या पॅनेलला जवळजवळ ९२ टक्के. २१ जूनला सपाट पॅनेलला जवळपास १०० आणि कलत्याला पुन्हा ९२ टक्के मिळतात. जूनमध्ये आठ टक्के सोडून डिसेंबरमध्ये एकवीस टक्के मिळवायचे, असा हा व्यवहार आहे.

उत्तर २
वरील आकडे केवळ थेट किरणांचे आहेत. पावसाळ्यात बहुतांश प्रकाश ढगांतून विखुरलेला, सगळ्या आकाशातून येणारा असतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कोनाचा प्रभाव फारसा उरत नाही. खरा लाभ ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र दिवसांत होतो. शिवाय मेमध्ये पॅनेल ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज तापतात, आणि २५ अंशांपुढे दर अंशाला त्यांची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणून सपाट ठेवून मिळणारी उन्हाळ्यातील वाढही पूर्णपणे हाती लागत नाही. दक्षिणेला कठडा असल्यास जागा जपून निवडा: डिसेंबरमध्ये भर दुपारीसुद्धा एक मीटर उंच कठड्याची सावली जवळजवळ एक मीटर लांब पडते.

प्रश्नकर्ता
आपले मनःपूर्वक आभार. हाच नियम भिंतींनाही लागू होतो का? मे महिन्यात आमची पश्चिमेची खोली सर्वांत जास्त तापते.

उत्तर १
होय, तंतोतंत. मेच्या अखेरीस दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंश वर असतो. तेव्हा गच्चीला थेट उन्हाचा सुमारे ५५ टक्के भाग मिळतो, तर पश्चिमेच्या भिंतीला ८० टक्क्यांच्या आसपास, आणि तेही हवा सर्वाधिक तापलेली असताना. खिडकीवरचा छज्जा इथे अपुरा पडतो, कारण सूर्य उतरू लागला की ऊन त्याच्या खालून आत शिरते. भिंतीपासून थोडे अंतर सोडून उभी ग्रीन नेट बांधावी किंवा त्या बाजूला झाड लावावे.