माळ घालताना घेतलेलं व्रत समलिंगी माणसानं कसं पाळायचं?

टाळकरी
घरात वारी पूर्वापार. माळ घालताना जे सांगतात ते सगळ्यांना माहीत आहे: एकादशी, हरिपाठ, मांस-दारू वर्ज्य, परस्त्री मातेसमान. मी समलिंगी आहे. म्हणजे शेवटचं व्रत मला फुकटात पाळता येतं! त्या हिशेबानं अख्ख्या दिंडीत माझ्याएवढा चारित्र्यवान कोणी नसेल. हे हसण्यावारी नेता येईना. मग स्वतःलाच विचारलं, हे व्रत आहे कशासाठी? माणसाला भोगवस्तू समजणारी नजर आवरण्यासाठी. तसं असेल तर मला ते पुरुषांबाबत लागू होतं. माझा एक जोडीदार आहे, त्याच्यापलीकडे कोणाकडे त्या नजरेनं पाहायचं नाही. असं पाळलं तर माळ खऱ्या अर्थानं माझी होते. माझ्या मते समलिंगी माणसाला श्रद्धेत सवलत नको, त्याच्या वाट्याचं बंधन त्यानं शोधावं.

गंगाखेडकर
माउली, राग मानू नका. व्रताचा अर्थ आपला आपण लावायचा नसतो. उद्या दारू पिणारा म्हणेल, हेतू शुद्धीत राहण्याचा आहे आणि मी दोन घोट घेऊनही शुद्धीत असतो. पांडुरंग सगळ्यांचा, दर्शनाला तुम्हाला कोण अडवतंय? पण माळ ही शिस्त आहे. तशी ओढ असेल तर ब्रह्मचर्य पाळा, नाहीतर माळ घालू नका.

टाळकरी
दादा, दारू पिणारा सूट मागतो. मी तर जे बंधन मला लागूच नव्हतं ते घेतोय. आणि ब्रह्मचर्य लग्न झालेल्या वारकऱ्याला कोणी मागतं का? नामदेव, चोखोबा, तुकोबा, सगळे संसारी. मला तर लग्नाचीही सोय नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला.

वसईकरीण
आमच्या कॅथलिकांत हे सगळं लिहूनच ठेवलंय. ओढ असणं पाप नाही, शरीरसंबंध पाप, म्हणून जन्मभर ब्रह्मचर्य. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकननं अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला धर्मगुरूंना मुभा दिली, पण तो लग्नासारखा दिसता कामा नये म्हणे. तुम्हाला पोप नाही याचा हेवा वाटतो. अर्थात वरून कोणी ‘आता चालेल’ असंही म्हणणार नाही, वारकऱ्यांच्या फडाफडाला वेगळं उत्तर मिळेल.

खडूस
मुळात हा अर्थ शोधायची खटपट कशाला? चोखोबांचं आत्मचिंतन कमी पडलं होतं का? त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. दलितांसाठी विठ्ठलाचं देऊळ उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. मीही समलिंगी आहे, देवधर्म कधीच सोडला, काही बिघडलं नाही. तुम्ही दिंडीत सांगितलंय का? नसेल तर हा समेट तुमच्या खोलीपुरता.

टाळकरी
एका वीणेकरी काकांना माहीत आहे. ते ‘बरं’ म्हणाले आणि चालायला लागले. बाकी कोणाला नाही. पण साने गुरुजी देव सोडून उपोषणाला बसले नव्हते हो! ज्यांना देवळाशी देणंघेणं नाही ते दारासाठी भांडायला येत नाहीत. आधी मला स्वतःला खात्री हवी होती की मी तिथला आहे. ‘सत्यअसत्याशी मन केले ग्वाही’ असं तुकोबा म्हणतात, ते बहुमताला न मानता.

गंगाखेडकर
तुकोबांचं मन ग्वाही द्यायच्या योग्यतेचं होतं. आपलं आहे का, हा प्रश्न राहतोच. मला पटलेलं नाही. काकांना माहीत आहे ते काकांपाशी राहू द्या, दिंडीत बोलू नका. दिंडी फुटेल.

खडूस
बघा, दर्शनाला कोणी अडवत नाही, फक्त बोलायचं नाही!

गंगाखेडकर
अडवत नाही म्हणालो, ते आजही म्हणतो. आमच्या दिंडीत आलात तर पंगतीत माझ्या शेजारी बसा. माळेबद्दलचं मत तेच.